कुणाच्या मापानं

उंचीच्या दांड्यावरची आडवी पट्टी जियाने अलगद खाली सरकवली. ती डोक्याला टेकायच्या आधीच अंबाड्याला टेकली आणि तिथेच अडली.

"मावशी, अंबाडा सोडावा लागेल."

भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या असलेल्या बयाबाईंनी मान हलवली नाही, फक्त डोळे फिरवले.

"कशापायी? केस बी माझंच हाईत."

चुलीपाशी चहाचं आधण बघत बसलेली त्यांची सून तृप्ती पदरात हसली. "रोज मानेवर असतो हो ताई. आज सकाळपासून टाळूवर चढलाय. नाशिकची माणसं उंची मोजायला येणार म्हणून."

"तू गप गं. साखर घाल चहात."

जियाने खाली पाहिलं. बयाबाईंच्या टाचाही जमिनीपासून बोटभर वर होत्या आणि पोटऱ्या थरथरत होत्या. दारातल्या खाटेवर बसलेल्या मनोजदादांना राहवलं नाही.

"जिया, चार-पाच सेंटीमीटर वजा कर ना अंदाजाने. परतीला घोटीला ट्रॅफिक लागेल."

"अंदाजानेच चाललं असतं तर आपण इथवर आलो असतो का, दादा?"

इथवर येण्याचं कारण मनोजदादाच होते.

नाशिकच्या ज्या हॉस्पिटलात दोघं कामाला होते, तिथे ते सीटी स्कॅनचे सगळ्यात जुने टेक्निशियन. चार वर्षांपूर्वी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, छातीच्या स्कॅनसाठी जिन्यापासून फाटकापर्यंत रांग लागायची. उंची आणि वजन भरल्याशिवाय मशीन पुढे जात नसे, आणि धापा टाकणाऱ्या माणसाला वजनकाट्यावर उभं करायला ना वेळ होता ना कोणी माणूस. मनोजदादांनी सगळ्यांनाच एकशे साठ सेंटीमीटर आणि साठ किलो लावून टाकलं. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातली सगळी माणसं एका उंचीची आणि एका वजनाची झाली. तेव्हा बघायची होती ती फुप्फुसं. उंचीशी कुणाला काय करायचं होतं?

करायचं निघालं ते आता. रेडिओलॉजीच्या प्रमुख ज्योत्स्ना मॅडमना एक तक्ता तयार करायचा होता. निरोगी माणसाच्या छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्या किती रुंद असाव्यात, हे सांगणारा. हृदयातून निघणारी महाधमनी, फुप्फुसांकडे जाणारी धमनी, त्यांच्या फांद्या. असे तक्ते होते, पण ते परदेशातल्या माणसांच्या मापांवर बेतलेले. "आपण इगतपुरीच्या बाईला परक्या मुलखातल्या बाईच्या मापाचं झंपर घालतोय," मॅडम म्हणायच्या, "आणि वर म्हणतोय, बघा कुठे आवळत नाही!" त्या लाटेतल्या हजारो स्कॅनमधून फुप्फुसं, हृदय, सगळं स्वच्छ असलेले स्कॅन त्यांनी निवडले, लागतात त्या परवानग्या घेतल्या आणि फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेल्या जियाला मोजायला बसवलं. धमनी तिरकी कापली गेली तर लांबट दिसते आणि माप फुगतं. म्हणून ती पडद्यावर छेद फिरवत राही, धमनी नाण्यासारखी गोल दिसेपर्यंत. मग आकडा. मग पुन्हा एकदा, आधीचा आकडा झाकून.

पण नुसत्या रुंदीला अर्थ नसतो. केवढ्या शरीरातली रुंदी, हे लागतं. आणि शरीरं सगळी एकशे साठ.

म्हणून हा दांडा. खिडकीच्या पडद्याची नळी ठेवायच्या लांब पिशवीत घालून तो मनोजदादांच्या गाडीला बांधायचा आणि गावोगाव हिंडायचं. आधी फोन करावा लागे, आणि त्या फोनची जियाला धास्तीच बसली होती.

"हॉस्पिटलमधून बोलतेय."

"अरे देवा! काही निघालं का?"

"नाही, काहीच निघालं नाही. म्हणूनच फोन केलाय."

यावर काही माणसं फोन ठेवून देत. पंचवटीतल्या एका भाजीवाल्या बाईंनी तर "चार वर्षांनी सांगताय होय!" म्हणून आधी झापलं आणि मग दांड्याखाली उभं राहून झाल्यावर कोथिंबिरीची जुडी हातात कोंबली. देवळाली कॅम्पातल्या एका जवानाच्या बायकोने नवऱ्यासारखंच सावधान उभं राहून दाखवलं. पहिलं माप मात्र घरचंच होतं. जियाच्या ठेंगण्या आईचा, नूरबानोचा, स्कॅन त्याच निवडीत आला होता. तिला दांड्याखाली उभं केलं तेव्हा ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली होती, "ऐकलंत का? डॉक्टर सांगतात मी नॉर्मल आहे. रोज म्हणता ना, हिचं डोकं ठिकाणावर नाही!" आतून खलीलचाचांचा, म्हणजे जियाच्या अब्बूंचा, आवाज आला होता, "छातीचं सांगितलंय, डोक्याचं नाही." जियाने आकडा भरला, नावाच्या जागी इतरांसारखाच क्रमांक टाकला आणि दांडा मिटला.

बयाबाई या निवडीतल्या शेवटच्या काहींपैकी एक. साठीच्या पुढच्या, लहान चणीच्या बायका तक्त्यात कमी पडत होत्या, म्हणून मॅडम त्यांची वाटच बघत होत्या. आणि बयाबाईंनी 'नॉर्मल' हा शब्द असा काही मनावर घेतला होता की येताना वाटेत पत्ता विचारला तर हापशावरची बाई म्हणाली, "नॉर्मल बयाबाई ना? ते बघा, निळ्या पत्र्याचं घर."

"लगीन झालं तवा मला दोन पाटांवर उभं केलं व्हतं," बयाबाई आता भिंतीपाशीच सांगत होत्या. "हार पोचंना म्हणून. सासू मरस्तोवर म्हणायची, टिचभर बाई, भाताच्या खाचरात बुडंल. आन् आता बघ, डाक्टरनी माझं माप घेतलंय. म्हणं बाकीच्यांची मापं माझ्यावरून ठरवायची!"

"म्हणूनच नीट घ्यायचंय, मावशी. अंबाडा सोडा ना."

"परक्या पुरुषासमोर केस सोडायची रीत नाय आमच्यात."

मनोजदादा लगेच उठले. उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे राहिले आणि सवयीने, पूर्वीच्या त्याच सुरात म्हणाले, "मावशी, टाचा टेकवा. श्वास घ्या... धरून ठेवा..."

बयाबाईंचे केसांकडे गेलेले हात तिथेच थांबले.

"हा आवाज..." त्या हळूच म्हणाल्या. "त्या मशीनच्या खोलीतला तो पांढऱ्या प्लॅष्टिकमधला माणूस. तूच का रे?"

मनोजदादा वळले नाहीत. "हो, मावशी. असेन."

"मला वाटलं व्हतं, संपलं आता. तोंड कुणाचं दिसंना. समदे भुतावानी पांढरे. शेवटाला तू म्हनला, झालं मावशी, जा घरी, भात खा. तवा जीव भांड्यात पडला." त्यांनी अंबाड्यातला आकडा ओढला. पांढऱ्या केसांची शेपटी मानेवर उतरली. "घे बाई आता काय ते."

टाचा टेकल्या. पट्टी टाळूला लागली. एकशे सदतीस. अंबाड्यासकट ती एकशे त्रेचाळीसवर अडली होती. मग वजन. काट्यावर चढताना बयाबाईंनी चपला काढल्या, आणि नंतर, थोडा विचार करून, पुन्हा घातल्या.

"चपला काढूनच, मावशी."

"तेवढंच जरा वाढलं असतं," त्या म्हणाल्या.

चहा आला. जियाने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि दोन आकडे भरले. आजवर मोजलेल्या बायकांचा आलेख तिच्यासमोर होता. आडव्या बाजूला शरीराचं माप, उभ्या बाजूला महाधमनीची रुंदी. ठिपक्यांचा एक सैलसर, वर जाणारा पट्टा. लहान बाई, लहान धमनी. मोठी बाई, मोठी धमनी. बयाबाईंचा ठिपका इतके दिवस एकशे साठवर होता, पट्ट्याच्या मधोमध, इतरांच्या गर्दीत. आता तो सरकन डावीकडे गेला आणि पट्टा त्याच्या खालून निघून गेला. तो वर एकटाच राहिला.

जियाने चहाचा कप खाली ठेवला. आकडे पुन्हा भरले. मग कुतूहलाने उंची एकशे त्रेचाळीस करून पाहिली. ठिपका जरासा पट्ट्याकडे झुकला. शंकेला जागा राहील इतकाच. आणि शंकेला जागा असली की माणूस सोईचं तेच धरतं, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं. शेवटच्या काही बायका मिळाल्या की काम पुरं होणार होतं. तिने उंची पुन्हा एकशे सदतीस केली.

"दादा, नेटवर्क कुठे मिळेल?"

"टाकीपाशी," तृप्ती म्हणाली. "का हो ताई?"

"मॅडमना आकडा कळवून येते."

पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून तिने ज्योत्स्ना मॅडमना फोन लावला. पलीकडे बराच वेळ फक्त माउसची टकटक ऐकू येत होती. मॅडम जुना स्कॅन उघडून बघत होत्या.

"रुंदी बरोबर मोजली आहेस," शेवटी त्या म्हणाल्या. "तेव्हाही मर्यादेच्या आतच होती. उंच बाईच्या मर्यादेच्या. एवढ्याशा शरीरात ही धमनी फुगलेली आहे, जिया. आणि ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज काय असेल कोण जाणे. तिला घाबरवू नकोस, पण उद्याच घेऊन या."

"फुटू शकते?"

"फुटली तर हॉस्पिटल गाठायला वेळ मिळत नाही. म्हणून उद्या."

जिया परत आली तेव्हा बयाबाईंनी अंबाडा पुन्हा बांधला होता, नेहमीसारखा मानेवर. शेजारच्या दोघी दारात येऊन टेकल्या होत्या. बयाबाई त्यांना सांगत होत्या, "मशीनमधी माप, दांड्यावर माप, काट्यावर माप. शिंप्यानं बी येवढं घेतलं नसंल."

जिया त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. काय बोलायचं ते तिने टाकीपासून घरापर्यंत तीन वेळा जुळवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"मावशी, ती छातीतली मोठी नस आहे ना... तुमच्या उंचीच्या मानाने ती जास्त रुंद निघतेय. उद्या नाशिकला येऊन पुन्हा एकदा बघून घेऊ."

बयाबाईंनी जियाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाहेर दांडा पिशवीत घालणाऱ्या मनोजदादांकडे.

"म्हंजे मी त्यातून बाद?"

"हो, मावशी."

"बाद व्हायला अंबाडा सोडला व्हय मी," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पण उरलेला चहा त्यांनी तसाच बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी शिरेत औषध सोडून, हृदयाच्या ठोक्याशी जुळवून नवा स्कॅन झाला. श्वास धरायला सांगायला मनोजदादाच उभे होते. धमनी आणखी रुंद झाली होती. सायकलच्या ट्यूबला एखाद्या जागी फुगा येतो ना, तसं, असं मॅडमनी बयाबाईंच्या मुलाला, दिनेशला, समजावलं. तो इगतपुरी स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता, रात्रपाळी करून सरळ हॉस्पिटलात आला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून घडी घातलेला जुना रिपोर्ट काढून टेबलावर पसरला.

"हा तुमचाच ना, मॅडम? काय लिहिलंय यात? नॉर्मल. चार वर्षं आमची आई नॉर्मल म्हणून भाताचे भारे वाहतेय डोक्यावरून. आमच्याकडे एक सांधा चुकला तर माणसाला घरी बसवतात."

"तेव्हा धमनीचा आकडा मर्यादेच्या आत होता, दिनेशराव," मॅडम म्हणाल्या. "मर्यादा त्यांच्यासाठी नव्हती, हे आम्हाला तेव्हा दिसलं नाही. हे तुमचं म्हणणं खरं आहे."

मनोजदादा दारापाशी उभे होते. ते पुढे आले. "आणि उंचीचा आकडा मी टाकला होता. न मोजता. सगळ्यांना एकच."

दिनेश त्यांच्याकडे वळला. काय म्हणाला असता कोण जाणे. बयाबाईंनी स्ट्रेचरवरूनच त्याच्या शर्टाची बाही धरून ओढली.

"काय लिवली व्हती रं माझी उंची?"

"एकशे साठ, मावशी," मनोजदादा खाली बघत म्हणाले.

"म्हंजे केवढी?"

जियाने हात वर करून दाखवलं. बयाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

"येवढी?" त्यांचे डोळे चमकले. "दिन्या, अरं जन्मात मला कुनी उंच म्हनलं नाय. ह्या एकट्यानं लिवलं. तेबी कवा, तर लोकं पटापट मरत व्हती तवा. सोताच्या घरी बी जात नव्हता हा. तो काय फूटपट्टी घिऊन बसंल?"

"आई, पण चुकलं ना ते."

"चुकलं म्हणून तर दारात आलं दांडा घिऊन. बरोबर लिवलं असतं, तर कोन येतंय आपल्या वाडीला?"

दिनेशने रिपोर्टाची घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला. थोड्या वेळाने तो कँटीनमधून दोन चहा घेऊन आला. एक त्याने मनोजदादांपुढे धरला.

ऑपरेशन ठरलं. धमनीचा फुगलेला तुकडा काढून तिथे विणलेल्या कापडी नळीचा तुकडा बसवायचा. आदल्या दिवशी दुपारी सर्जनचा मॅडमना फोन आला. जिया शेजारच्या पडद्यापाशी बसली होती.

"नळी केवढी लागेल ते सर्जन आत बघूनच ठरवणार आहेत," फोनवर तळहात ठेवून मॅडम म्हणाल्या, "पण एवढ्या लहान चणीची बाई त्यांच्याकडे सहसा येत नाही. विचारताहेत, या बाईची धमनी मुळात केवढी असायला हवी होती? आहे का आपल्याकडे उत्तर?"

जियाने आलेख उघडला. बयाबाईंचा ठिपका मॅडमच्या सांगण्यावरून तिने कालच काढून टाकला होता. एकशे सदतीस सेंटीमीटर, छत्तीस किलो. तिने त्या जागेवरून बोट सरळ वर नेलं. बोट ठिपक्यांच्या पट्ट्यात शिरलं. तिथे गर्दी नव्हती, पण माणसं होती. कोथिंबिरीवाल्या बाई होत्या. देवळालीची ती सावधान उभी राहिलेली होती. आणखी एक ठिपका होता, अगदी पट्ट्याच्या मधोमध, पहिल्याच मापाचा, ज्याचा क्रमांक जियाला पाठ होता.

"आहे," ती म्हणाली. "साधारण सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटर."

मॅडमनी आकडा फोनवर सांगितला. पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा, कारण त्या हसून म्हणाल्या, "नाही हो, पुस्तकातला नाही. इथलाच आहे."

मॅडमनी फोन ठेवला. महिनोन् महिने जियाने या ठिपक्यांना ठिपकेच म्हटलं होतं. कोण कुठे चुकतोय, कुणाचं माप पुन्हा घ्यावं लागेल, एवढंच त्यांच्याकडे पाहिलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, या बायका फोन ठेवून देऊ शकल्या असत्या. काहींनी दिलाच होता. यांनी दिला नाही. कारण नीटसं कळलं नव्हतं तरी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, चपला काढून.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी बयाबाई तपासणीला आल्या. सोबत दिनेश होता आणि त्याच्या हातात झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा मोठा डबा. बयाबाई जरा उतरल्या होत्या, पण चालत आल्या होत्या. कॉरिडॉरमध्ये मनोजदादा दिसताच त्यांनी स्वतःच सुरू केलं, "श्वास घ्या... धरून ठेवा..." आणि मनोजदादांना एवढं हसू आलं की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"सर्जन सांगत होते, नळी मापात बसलीये," जिया म्हणाली. "आता ओझं मात्र उचलायचं नाही."

"कुठलं उचलू देतेय तृप्ती! देवाच्या मूर्तीवानी बसवून ठेवलंय. नुसतं पानी घालायचं राहिलंय." त्या बाकावर बसल्या आणि जियाला जवळ बसवून घेतलं. "एक विचारू का गं? त्या मोठ्या डाक्टरनी मला सांगितलं, म्हणं आजी, तुमची नळी आमी तुमच्यासारक्याच बायांच्या मापानं निवडली. खरं हाय का ते?"

"खरं आहे."

"कोन त्या?"

"ते सांगता येत नाही, मावशी. नावं कुणाला सांगायची नाहीत, असा नियम आहे. नाशिकच्याच आहेत. तुमच्यासारख्या, लहान चणीच्या."

बयाबाईंनी मान डोलावली. नावं न सांगण्यात त्यांना काही वावगं वाटलं नसावं. त्यांनी दिनेशला खूण केली आणि डबा जियाच्या मांडीवर आला. जड होता.

"नवा इंद्रायणी हाय. आमच्याच खाचरातला. माझ्या हातचा नाय औंदा, सुनेच्या हातचा. त्या बायांना दे."

"मावशी, पण मला त्यांना असं..."

"मला म्हाईत हाय, समद्यांना पुरायचा नाय. एकीला पोचला तरी समद्यांना पोचला. तेवढं कर." त्या उठल्या. पदर सारखा केला. दाराशी जाऊन मागे वळल्या. "आन् डबा सावकाश दे. घाई नाय."

संध्याकाळी जिया घरी आली तेव्हा नूरबानो कांदे चिरत होती. जियाने डबा ओट्यावर ठेवला आणि झाकण काढलं. नव्या तांदळाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. नूरबानोने सुरी ठेवली, हात पुसला, मूठभर तांदूळ उचलून नाकाशी नेला.

"सुबहान अल्लाह! कुठून आणलास?"

"एका मावशींनी दिलाय. इगतपुरीकडच्या आहेत. त्यांचं ऑपरेशन झालं, आता बऱ्या आहेत."

"तुला दिला?"

"नाही. तुझ्यासाठी आहे."

"माझ्यासाठी?" नूरबानोने मूठ हळूच उघडली. तांदूळ डब्यात परत सांडले. "ती मला कुठे ओळखते?"

जियाने उत्तर शोधलं. नियमात बसेल असं एक, न बसेल अशी बरीच होती. ती डब्याचं झाकण पुसत ओट्याला टेकली.

बाहेरच्या खोलीतून खलीलचाचा ओरडले, "कसला वास येतोय एवढा चांगला? आज जेवायला पाहुणे आहेत का?"

"तुम्ही गप्प बसा हो," नूरबानो म्हणाली. तिचा हात अजून डब्याच्या काठावर होता. ती विचारात पडली होती, आणि तो विचार दुसराच निघाला. "डबा रिकामा कसा परत द्यायचा? त्यांना गोड चालतं का? ऑपरेशन झालंय म्हणतेस."

"चालतं."

"मग शेवया देते. ईदच्या राहिल्यात, चांगल्या तुपात भाजलेल्या."

शेवयांचा डबा वरच्या फळीवर होता. नूरबानोने एका हाताने ओटा धरला, टाचा उचलल्या आणि बोटं लांब केली. एरवी जियाच पुढे होऊन काढून द्यायची. आज ती जागची हलली नाही. आईच्या टाचा पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत बघत राहिली.